आवळ्याचा रस तपकिरी पडला, आता त्यात काय उरलं?

आवळे बाजारात आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. या महिन्यातही निम्म्याहून अधिक पत्रं टिकवण्याबद्दल आहेत. कुणी रसाच्या बाटल्या भरल्यात, कुणी भाजी चिरून डब्यांत ठेवलीय, कुणाच्या कपाटातल्या गोळ्यांवर डाग पडलेत. ठेवलेल्या वस्तूतलं क जीवनसत्त्व जातं कुठे, हेच सगळ्यांना विचारायचं आहे, म्हणून ही पत्रं एकत्र घेते. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण पुढची बरीचशी त्यातूनच निघतात.

प्रश्न : दर हिवाळ्यात पाच किलो आवळ्यांचा रस काढून सोडियम बेन्झोएट घालून बाटल्यांत भरते. बुरशी येत नाही, पण होळीपर्यंत रस तपकिरी होतो. मैत्रीण म्हणते, आता हे नुसतं आंबट पाणी. सासूबाई म्हणतात, आवळ्यातलं ‘सी’ उकळलं तरी जात नाही. कोणाचं खरं मानू? (एक वाचक, संगमनेर)

दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघीही थोड्या टोकाला गेल्या आहेत.

क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. हवेतला ऑक्सिजन भेटला की ते आपल्याकडचा हायड्रोजन देऊन टाकतं आणि त्याचं डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल होतं. इथवर काही बिघडलेलं नसतं, कारण आपलं शरीर त्याचं पुन्हा ॲस्कॉर्बिक आम्ल करून घेतं. नुकसान होतं ते पुढच्या पायरीला. पाण्याच्या सान्निध्यात या रेणूचं कडं फुटतं आणि डायकिटोग्युलोनिक आम्ल तयार होतं. तिथून परतीची वाट नाही, आणि जीवनसत्त्व म्हणून त्याचा उपयोगही शून्य. पुढे त्याचेही तुकडे पडतात. त्यातले काही फरफ्युरलसारखे असतात, ते रसातल्या अमिनो आम्लांशी जुळतात आणि रंग तपकिरी होत जातो.

तुमच्या रसाच्या रंगाला आणखी एक कारण आहे. आवळ्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, भरपूर असतं. ते हवेत तपकिरी पडतं आणि लोखंड लागलं तर काळं होतं. विळीवर चिरलेला आवळा लगेच काळवंडतो तो त्यामुळे. म्हणजे तपकिरी रंग धोक्याची खूण जरूर आहे, पण ‘सगळं गेलं’ असा निकाल नुसत्या रंगावरून देता येत नाही.

आता सासूबाईंचं. आवळ्यातलं क जीवनसत्त्व उकळल्यावर जात नाही, असं नाही. जातं, पण इतर भाज्या-फळांच्या मानानं सावकाश जातं. आवळा अतिशय आंबट असतो, आणि आंबट द्रावणात ॲस्कॉर्बिक आम्ल जास्त टिकतं. शिवाय टॅनिनच्या कुळातली द्रव्यं त्याला बरंच सांभाळतात. 1940 च्या सुमारास हिस्सारच्या (आताच्या हरियाणातल्या) दुष्काळी भागात स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगाची, साथ होती, तेव्हा तिथल्या रोग्यांवर आवळा वापरला गेला आणि गुणही आला. सासूबाईंची पिढी आवळकाठी वर्षभर जपून ठेवायची, त्याला आधार आहे.

मैत्रिणीच्या बाजूनंही बोलायला हवं. सोडियम बेन्झोएट बुरशी आणि यीस्टला रोखतं, ऑक्सिजनला हातही लावत नाही. बाटलीत बुरशी नाही म्हणून आतलं जीवनसत्त्व शाबूत आहे, असं मानू नका. तुम्ही भरता तेव्हा रसात हवा विरघळलेली असते, वरच्या मोकळ्या जागेतही असते. पहिल्या काही दिवसांत हा ऑक्सिजन झपाट्यानं वापरला जातो. तो संपल्यावरही ॲस्कॉर्बिक आम्ल हळूहळू फुटत राहतं, त्याला मग हवा लागत नाही, उष्णता पुरते. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. संगमनेरचा जानेवारी आणि संगमनेरचा मार्च यांत फरक किती, ते तुम्हीच जाणता.

बेन्झोएटबद्दल आणखी एक सांगते, आणि हे जरा मनावर घ्या. बेन्झोएट आणि क जीवनसत्त्व एकाच द्रावणात असताना लोह-तांब्याचे अंश, ऊन किंवा उष्णता मिळाली तर अत्यल्प प्रमाणात बेन्झीन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकतं. शीतपेयांच्या कारखानदारांच्या हे 1990 च्या सुमारास लक्षात आलं आणि अनेकांनी कृती बदलल्या. घरच्या बाटलीनं लगेच घाबरून जायचं कारण नाही. पण आवळ्याच्या रसाला मी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे आपलं केएमएस, जास्त योग्य समजते. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड ऑक्सिजनला आधीच गाठतो आणि रंगही आवरतो. प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं, त्याच्या पुढे जाऊ नका. घरात कुणाला दमा असेल तर मात्र केएमएस नको. मग सरळ फ्रीजर गाठा.

खरं तर कुणालाही मी फ्रीजरच सुचवीन. रस बर्फाच्या साच्यांत गोठवा आणि खडे पिशवीत हवा काढून बांधा. वीज फार जात असेल तर बाटल्या लहान घ्या, गळ्यापर्यंत भरा, फ्रीजमध्ये ठेवा आणि एक संपल्याशिवाय दुसरी उघडू नका. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा. मिक्सरमध्ये रसाला फेस येतो, तो फेस म्हणजेही हवाच. आवळा स्टीलच्या किसणीवर किसून फडक्यातून पिळला तर रस थोडा कमी निघतो, पण हवा फारशी मिसळत नाही.

आता हिशेब. जुन्या भारतीय तक्त्यांत 100 ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व छापलेलं आढळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात ते 250 च्या आसपास आहे. मी छोटा आकडा धरून चालते. याच संस्थेच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 आणि बाईला 65 मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे तुमच्या रसातलं निम्मं गेलं असं धरलं, तरी अर्ध्या वाटीत दिवसाची गरज भागते. तेव्हा बाटल्या ओतून देऊ नका, उन्हाळा कडक व्हायच्या आत संपवा.

पडताळा घ्यायचा असेल तर घरी घेता येतो. गृहविज्ञान महाविद्यालयात अन्नरसायन शिकवताना आम्ही यासाठी इंडोफिनॉल नावाचा गडद निळा रंग वापरायचो. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या तोटीच्या काचनळीतून, त्याचा थेंब आम्लवलेल्या रसात पडला की रंग नाहीसा व्हायचा, दुसरा पडला की तोही. जीवनसत्त्व संपलं की पुढचा थेंब गुलाबी होऊन तसाच राहायचा. ताजी कोथिंबीर आणि दोन दिवस टेबलावर पडलेली कोथिंबीर मुलींना शेजारी शेजारी तपासायला दिली की वर्गात शांतता पसरायची. ताजीला निळ्याचे थेंब घालून हात दुखायचा, शिळीच्या फ्लास्कमध्ये चार थेंबांत गुलाबी यायचा.

घरी इंडोफिनॉल नसतं, पण जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन असतं. पाऊण वाटी पाण्यात चमचाभर तांदळाची निवळ पेज घाला, त्यात आयोडीनचे दोन थेंब टाका. पाणी निळं-काळं होईल. अशा दोन सारख्या वाट्या करा. एकीत आत्ता किसलेल्या आवळ्याचा रस, दुसरीत तुमच्या बाटलीतला रस ड्रॉपरनं थेंब थेंब सोडा आणि निळा रंग जाईपर्यंत मोजा. बाटलीतल्या रसाला जितके थेंब जास्त लागतील तितकी त्याची ताकद उतरली. टॅनिनही आयोडीनचा थोडा रंग घालवतं, त्यामुळे आकडा काटेकोर येणार नाही, तुलनेपुरता घ्या. केएमएस घातलेल्या रसावर हा प्रयोग करू नका, सल्फाइटनं रंग जातो आणि रस उगाच ताजा ठरतो. वापरलेलं पाणी मोरीत ओता, तोंडात जाऊ देऊ नका.

जाता जाता मोरावळ्याचं. टोचे मारून आवळे पाण्यात शिजवायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं, ही रीत बऱ्याच घरांत आहे. क जीवनसत्त्व पाण्यात सहज विरघळतं, म्हणजे मोरीत जाणारं पाणीच त्यातलं मोलाचं. आवळे टोचून नुसते वाफवा आणि खाली उतरलेलं पाणी पाकात घ्या. चुन्याच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवले असतील तर मात्र ते पाणी टाकावंच लागतं.

प्रश्न : मुलगी परदेशी असते. तिच्यासाठी शंभर लिंबांचा रस मंद आचेवर आटवून घट्ट काकवीसारखा करते, म्हणजे सामानात मावतो. पाण्यात घातला की सरबत. सत्त्व राहतं ना? (एक आई, सोलापूर)

आंबटपणा राहतो, सत्त्व फारसं नाही. तुमची मेहनत वाचून वाईट वाटलं, म्हणून स्पष्टच लिहिते.

हाच उपाय अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी एका फार मोठ्या माणसानं सुचवला होता. जेम्स लिंड हा ब्रिटिश नौदलातला वैद्य. 1747 मध्ये ‘सॅलिस्बरी’ जहाजावर त्यानं स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्यांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं ते सहा दिवसांत सुधारले. 1753 मध्ये त्याचा ग्रंथ आला. पण ताजी फळं महिनोन् महिने जहाजावर टिकायची कशी? लिंडनं सुचवलं की रस रुंद भांड्यात, खाली जवळजवळ उकळतं पाणी ठेवून, तासन् तास आटवावा आणि घट्ट झाला की बाटल्यांत भरावा. ऊष्णता, रुंद तोंड, भरपूर हवा आणि भरपूर वेळ! जीवनसत्त्व घालवायला लागतं ते सगळं त्या कृतीत होतं. नौदलानं हा अर्क वापरून पाहिला आणि त्याचा प्रभाव दिसला नाही. शेवटी 1795 मध्ये न आटवलेला लिंबाचा रस खलाशांना नियमानं मिळू लागला आणि मग स्कर्व्ही हटली.

पुढे त्याच नौदलानं वेस्ट इंडीजची हिरवी लिंबं घेतली आणि त्यांचा साठवलेला रस पाजायला सुरुवात केली. 1918 मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत गिनीपिगांवर तपासणी झाली, तेव्हा हा रस आधीच्या पिवळ्या लिंबांच्या ताज्या रसापुढे अगदीच दुबळा ठरला. रस आंबट लागला म्हणजे आत जीवनसत्त्व आहे, या समजावर लोकांनी जीव पणाला लावले होते. आंबट चव मुख्यतः सायट्रिक आम्लाची. ते उकळलं तरी हलत नाही.

मुलीला हवं तर आटवलेला रस सरबताच्या चवीसाठी जरूर द्या. क जीवनसत्त्वासाठी तिला तिथली संत्री, किवी, ढोबळी मिरची भरपूर मिळेल.

प्रश्न : सकाळी तांब्याच्या बाटलीतल्या पाण्यात लिंबू पिळून कामावर नेतो. दोन्हींचा फायदा मिळावा हा हेतू. बरोबर आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

नाही. आजपासून थांबवा.

ॲस्कॉर्बिक आम्लाचं ऑक्सिडीकरण वेगानं घडवणाऱ्या धातूंत तांबं अगदी वरच्या रांगेत आहे, आणि त्याचा अगदी सूक्ष्म अंशही पुरतो. लिंबाचं आम्ल बाटलीच्या आतून तांबं विरघळवून घेतं आणि विरघळलेलं तांबं जीवनसत्त्व मोडत बसतं. दुपारपर्यंत तुमच्या हाती उरतं तांबंमिश्रित आंबट पाणी, आणि त्यानं मळमळ, उलट्या होऊ शकतात. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी कळकते, हे कोकणातल्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं. हा तोच प्रकार. तांब्याच्या बाटलीत साधं पाणी ठेवा. लिंबू स्टीलच्या किंवा काचेच्या पेल्यात, प्यायच्या वेळी पिळा.

प्रश्न : दोघंही नोकरीला. रविवारी आठवड्याची भाजी निवडून, धुऊन, चिरून डब्यांत भरते. आई म्हणते, चिरलेल्या भाजीत दुसऱ्या दिवशी काही राहत नाही. मग मी काय करू? (एक वाचक, पिंपरी)

तुम्ही घरचं शिजवताय, हे आधी लक्षात घ्या. त्यात अपराधी वाटण्यासारखं काहीच नाही. सगळं एकदम करण्याऐवजी भाज्यांची विभागणी करा, एवढंच सुचवते.

भाजी चिरली की पेशी फुटतात आणि पेशीत आजवर वेगवेगळ्या कप्प्यांत असलेल्या गोष्टी एकमेकींना भेटतात. त्यात ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. त्याच्या गाभ्यात पुन्हा तांबंच! काकडी, भोपळा, कोबी यांत ते जोरदार असतं. त्याला आम्ल मानवत नाही आणि कडक वाफेत ते निकामी होतं. म्हणून चोचवलेल्या काकडीवर लिंबू लगेच पिळायचं. पानं घेताना पिळलं तर तोवर विकराचं काम झालेलं असतं.

सगळ्या भाज्या सारख्या वागत नाहीत. चार अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवलेल्या मटारातलं साधारण 15 टक्के क जीवनसत्त्व जातं, तर फरसबीतलं 77 टक्के. पालकाची गतही फरसबीसारखीच, आणि फ्रीजबाहेर ठेवला तर काही विचारूच नका. पालेभाजीच्या पानातून पाणी उडतं, पान कोमेजतं आणि त्याबरोबर जीवनसत्त्व सरतं. हे आकडे न चिरलेल्या भाजीचे आहेत, चिरलेलीचं आणखी जातं.

तेव्हा रविवारी फ्लॉवर, गाजर, मटार, दुधी यांची तयारी करा. पालेभाजी रविवारी आणि बुधवारी अशी दोनदा आणा. देठं काढून, न धुता, न चिरता कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, आणि दोन दिवसांत संपवा. धुवायची ती चिरायच्या आधी. चिरून पाण्यात घातलेली मेथी निथळताना त्या पाण्याबरोबर काय जातं ते वर आलंच आहे. हिरवा रंग राहावा म्हणून भाजीत खाण्याचा सोडा घालत असाल तर तो बंद करा. अल्कलीत हे जीवनसत्त्व मिनिटांत मोडतं.

गोठवलेल्या मटाराला नाकं मुरडू नका. कारखान्यात तोडणीनंतर काही तासांत दाण्यांना गरम पाण्याचा किंवा वाफेचा झटका देतात, विकर तिथंच संपतं, आणि उणे अठरा अंशांना पुढची घट फार सावकाश होते. आठवडाभर मंडईत, मग फ्रीजमध्ये फिरलेल्या ताज्या भाजीपेक्षा हा मटार पुष्कळदा सरस भरतो.

बटाट्याबद्दलही विचारलंय. नव्या बटाट्यात 100 ग्रॅममागे 20 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, शीतगृहात सहा-आठ महिने काढल्यावर निम्म्याहून खाली येतं. सालासकट उकडा.

प्रश्न : हिरव्या मिरचीत ‘सी’ असतं म्हणतात. मग लाल तिखटात ते आणखी जास्त असणार ना, वाळून घट्ट झालेलं? (एक विद्यार्थी, नंदुरबार)

विचार छान केलास, कारण वाळल्यावर पाणी गेलं की बाकीची द्रव्यं दाट होतात हे खरं. पण क जीवनसत्त्व त्या वाटेत टिकत नाही. पिकून लाल झालेली ताजी मिरची हिरवीपेक्षाही श्रीमंत असते. तीच अंगणात दिवसचे दिवस उन्हात पडते, मग कांडपात गरम होते, मग बरणीत वर्ष काढते. ऊन, हवा, उष्णता, वेळ. तिखटपणा आणि रंग राहतो, जीवनसत्त्व फारसं राहत नाही.

ताज्या मिरचीचा या शोधाशी मोठा संबंध आहे, तो तुला आवडेल. हंगेरीच्या सेगेद शहरात अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे शास्त्रज्ञ काम करत होते. क जीवनसत्त्व कशात आहे हे कळलं होतं, पण तपासायला पुरेसं हाती लागत नव्हतं. सेगेद म्हणजे पापरिका मिरचीचं माहेरघर. एका रात्री जेवणात आलेली ताजी पापरिका न खाता ते प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यांना खजिनाच सापडला. थोड्याच आठवड्यांत त्यांच्याकडे किलोच्या वर शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल जमा झालं. 1937 चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं.

प्रश्न : क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्यांची मोठी बाटली आणली होती. आता काही गोळ्यांवर तपकिरी ठिपके आहेत. मुदत अजून वर्षभर आहे. मुलांना देऊ का? (एक वडील, अमरावती)

ठिपके आलेल्या देऊ नका. कोरडं ॲस्कॉर्बिक आम्ल वर्षानुवर्षं टिकतं, त्याला दमटपणा सोसत नाही. बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा न्हाणीघरातल्या कपाटात असेल, किंवा गोळी काढताना ओला हात लागत असेल, तर गोळीच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यात रसातल्यासारखीच मोड सुरू होते. मुदतीची तारीख कंपनी बंद बाटलीसाठी आणि सांगितलेल्या तापमानासाठी देते. झाकण उघडल्यावर तिचा भरवसा कमी होतो.

पुढच्या वेळी पत्त्यातल्या गोळ्या घ्या, एकेक गोळी वेगळी बंद असते. बाटलीच घेतली तर आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका आणि बाटली झोपायच्या खोलीतल्या कोरड्या कपाटात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. चव गोड असते, मुलं खाऊ समजून चार-चार उचलतात. घरात कुणाला मूतखड्याचा त्रास झालेला असेल तर 500 मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. जास्तीच्या क जीवनसत्त्वातलं काही शरीरात ऑक्झलेटमध्ये, म्हणजे बऱ्याच मूतखड्यांच्या मूळ द्रव्यात, बदलतं आणि ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं.